बार्श किती डिग्रीला सापडतो

स्वतः पकडलेला मासा खाऊ घालीन, असं मी आईला फोनवर बोलून बसलो, तेव्हा खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि मी आयुष्यात एकही मासा पकडलेला नव्हता.

आई भंडाऱ्याची. आमचा जिल्हा तलावांचा, त्यामुळे तिच्या लेखी मासा म्हणजे तलावातला. समुद्राची मासळी तिला वासानंच नकोशी होते. वडील गेल्यापासून जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला ये म्हणून मी तिच्या मागे लागलो होतो आणि ती दर वेळी नवं कारण काढत होती: गुडघे, थंडी, दारातली कढीपत्त्याची झाडं. त्या दिवशी व्हिडिओवर फ्रीज उघडून दाखवताना माझ्या हातात गोठवलेल्या माशाचं पाकीट आलं.

"याचं डोस्कं कुठं हाय?"

"इथं डोकं नसतं आई. कापूनच देतात."

"मंग हा मासाच हाय कशावरून? मी नाई येत बाप्पा अशा मुलखात."

मला राग आला. राग आला की मी आश्वासनं देतो. "तू ये," म्हटलं, "तलावातला, मी स्वतः पकडलेला, डोक्यासकट मासा खाऊ घालतो." ती म्हणाली, "डोस्क्यासकट?" आणि चक्क हो म्हणाली. मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं, म्हणजे तिला मागे फिरायला नको. मलाही फिरता येणार नाही, हे नंतर लक्षात आलं.

जर्मनीत उठलं आणि गळ टाकला असं चालत नाही. त्यासाठी परीक्षा असते. परीक्षा हा आपला जुना धंदा; मी घोकंपट्टी करून पास झालो. चित्रातला कुठलाही मासा मी झोपेत ओळखू शकत होतो. पाण्यातला पाहिला नव्हता. एका क्लबाचा सभासद झालो. क्लबाचं गावाबाहेर एक तळं आहे, वाळू उपसून झालेल्या खड्ड्यात पाणी साठून झालेलं. त्यात बार्श भरपूर, असं सगळे म्हणाले. बार्श म्हणजे अंगावर काळे पट्टे, पोटाखाली तांबडे पर आणि पाठीवर काट्यांचा पंखा असलेला मासा. चवीला उत्तम.

आता माझं काम काय, तर गाड्यांच्या बॅटऱ्या थंड ठेवणं. दिवसभर मी तापमानाच्या रेषा बघतो. त्यामुळे बार्श कुठे असेल हे पाण्याच्या तापमानावर ठरतं, असं वाचलं तेव्हा मला हसूच आलं. हे तर माझंच खातं. वसंतात पाणी दहा डिग्रीच्या आसपास आलं की तो अंडी घालायला काठाशी येतो. उन्हाळ्यात वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी जिथे भेटतं, त्या थराच्या जरा वर राहतो. शरदात टोळीनं बारीक माशांच्या मागे लागतो, आणि हिवाळ्यात सगळ्यात खोल खड्ड्यात जाऊन बसतो. चार ऋतू, चार पत्ते. पोस्टमन व्हायचं, झालं.

एप्रिलमध्ये पाणी दहा डिग्रीला आलं आणि खरोखर, काठाशी काळे पट्टेच पट्टे. मी गळाला रबरी मासा लावतोय तोच शेजारच्या लाकडी धक्क्यावरून आवाज आला, "नाइन, नाइन." नाही, नाही. क्लबातला एक निवृत्त म्हातारा. या दिवसांत दुसऱ्या एका माशाची वीण असते, म्हणून खोटं आमिष वापरायला बंदी. बार्श घरी होते आणि मला कडी वाजवायची परवानगी नव्हती. गांडूळ चालेल म्हणाले. मी गांडुळाला हात लावला, गांडुळानं मला अंग लावलं, आणि आम्ही दोघांनीही माघार घेतली.

हा म्हातारा पुढे माझ्या नशिबी कायमचा आला. त्याला काहीही विचारा, उत्तरं दोनच. मासे कुठे असतील? "कोम्ट द्राउफ आन," म्हणजे परिस्थितीवर अवलंबून. आज कसं काय? "गेस्टर्न." काल. काल काय धमाल होती, काल यायला हवं होतंस. मी रविवारी गेलो की धमाल शनिवारी झालेली असे. म्हणून शनिवारी गेलो, तर शुक्रवारी. त्याला स्वतःला मासा मिळालेला मी एकदाही पाहिला नाही, पण मी आजच्या दिवसातला गरीब माणूस आणि तो कालचा धनाढ्य, असंच आमचं नातं होतं.

जूनमध्ये मी यंत्रणा बसवली. एक निळी दोरी, तिला बांधलेली वायर, वायरीवर दीड-दीड मीटरवर एक असे पाच सेन्सर. खाली वजनाला वीट, वर तरंगायला पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली. वायरीचं दुसरं टोक धक्क्याच्या खांबावरच्या डबीत, आणि डबी माझ्या मोबाइलला जोडलेली. ऑफिसात बसून मला तळ्याचा ताप कळू लागला. बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात एक मासा विकत आला असता." मी म्हटलं, "प्रश्न तत्त्वाचा आहे." ती म्हणाली, "मासा तत्त्व खात नाही," आणि कणीक मळायला गेली.

जुलैच्या सुरुवातीला आई आली. सकाळी वंदना, त्रिशरण, पंचशील, मग चहा, मग गुडघ्यांना चालवायचं म्हणून तळ्याभोवती फेरी. मी ऑफिसात, लेक तिच्या मैत्रिणींत, बायको घरून काम करणारी. त्यामुळे आई फेरीला एकटीच जाई. पहिल्याच आठवड्यात तिला सुपरमार्केटातलं ते यंत्र सापडलं, ज्यात रिकामी बाटली टाकली की पैसे परत मिळतात. तिचा विश्वास बसेना. "लोकं पैसे असे रस्त्यावर फेकून देतात?" त्यानंतर ती फिरायला जाताना हातात कापडी पिशवी असायची.

आणि त्याच आठवड्यात माझ्या मोबाइलवर चमत्कार झाला. एका दुपारी पाचही रेषा एकमेकींना चिकटून दहा डिग्रीवर आल्या. वर दहा, मध्ये दहा, तळाशी दहा. हे फक्त शरदात होतं: वरचं पाणी गार होऊन खाली जातं आणि सगळं तळं ढवळून एकसारखं होतं. जुलैत? पण रेषा खोटं बोलत नाहीत, हे माझं आवडतं वाक्य. आदल्या रात्री वारा सुटला होता खरा. वरचं तेवीस डिग्रीचं पाणी खालच्या दहा डिग्रीच्या पाण्यात मिसळलं तर मधलं काहीतरी यायला हवं, हे आठवीतलं पोर सांगेल. मी आठवी फार पूर्वी सोडली आहे.

त्या संध्याकाळी क्लबाच्या झोपडीत सभा होती. मी उभा राहिलो आणि मोडक्या जर्मनमध्ये जाहीर केलं की आपलं तळं उलटलं आहे, मासे आता सर्वत्र विखुरले असतील, सभासदांनी नोंद घ्यावी. मोबाइल सगळीकडे फिरवला. कोणी हसलं नाही. कुणीतरी म्हणालं, "इंटरेसांट." जर्मन माणूस हा शब्द मवाळपणे म्हणाला की समजावं, आपण संपलो. म्हातारा उठला, बाहेर गेला, धक्क्यावर वाकून त्यानं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि परत येऊन ओला हात सर्वांना दाखवत म्हणाला, "बाडेवाने." बाथटब.

घरी आलो तर आई ओट्यावर बाटल्या ओळीनं लावत होती. एकीच्या गळ्याशी निळ्या दोरीचा तुकडा.

"आई, ही कुठे मिळाली?"

"तळ्यात. दूर होती, पन त्या खांबावरची वायर वढली का जवळ येते. गाठ लय पक्की होती बाप्पा. लय वेळ गेला सोडवाले."

"आणि बाकीची दोरी?"

"ते देल्ली सोडून. कोनाची तरी असंन. दुसऱ्याची वस्तू न इचारता घेऊ नाई."

म्हणजे पाचही सेन्सर विटेच्या बाजूला चिखलात ढिगानं पडले होते आणि इमानदारीनं चिखलाचं तापमान कळवत होते. ऑफिसात नव्या पोरांना मी रोज एकच गोष्ट ऐकवतो: आकडा बघण्याआधी सेन्सर कुठे बसलाय ते बघा. मी आईवर ओरडणार होतो, पण तिनं बाटली माझ्यापुढे धरली. "तुही हाय का? घे मंग."

मी बाटलीऐवजी विकतचा लाल तरंगता गोळा आणून यंत्रणा पुन्हा उभी केली. क्लबानं त्यावर माझं नाव लिहायला लावलं. ऑगस्ट गेला. रेषा आता सुंदर होत्या. गरम आणि गार पाणी भेटतं तो थर कुठे आहे ते मला वीतभराच्या फरकानं सांगता येत होतं. मी बरोबर तेवढ्या खोलीवर आमिष न्यायचो, तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फक्त सेन्सरच्या आसपास टाकायचो नाही; गळ वायरीत अडकला तर तीन महिन्यांचा डेटा गेला. मासे येत नव्हते. थर मात्र अचूक होता.

"आज काय भेटलं?" आई रोज विचारायची.

"आज डेटा मिळाला."

"तो कसा करतात? तळून का रस्सा?"

बायकोला शेवटी दया आली. तिनं मत्स्यशेतीवरून एक अख्खा मासा आणला, डोक्यासकट. आईनं तो उलटापालटा करून पाहिला. "चांगला हाय. ह्यानं धरला का?" नाही म्हटल्यावर तिनं ताट बाजूला सारलं. "तुमी खा. ह्यानं कबूल केलंय." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त झोंबलं. तिचा व्हिसा तीन महिन्यांचा. मासा न खाता परत गेली, तर पुढच्या वेळी गुडघे, थंडी आणि कढीपत्ता यांच्या यादीत माझं नाव जोडलं जाणार होतं, आणि ते रास्त होतं.

ती मंगळवारी निघणार, त्याच्या आधीचा शनिवार. पाणी गार व्हायला लागलं होतं, काठावर बर्चची पिवळी पानं. आई घडीच्या खुर्चीत, दोन स्वेटर आणि माझी टोपी घालून. शेजारच्या धक्क्यावर म्हातारा. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"गेस्टर्न," तो म्हणाला.

मी दुपारपर्यंत टाकत राहिलो, गुंडाळत राहिलो. आई मागून सामानाचं बोलत होती: लोणच्याची रिकामी बरणी नेऊ का ठेवू, वजन किती चालतं, तुह्या बायकोनं दिलेले चॉकलेट शेजारणीच्या पोरांना पुरतील का. मी वैतागून मागे वळलो, "आई, बरणी ठेव इथंच," आणि वळता वळता हातानं फेक केली. आमिष माझ्या लाल गोळ्याला लागून, वायरीला घासत खाली गेलं.

झालं, अडकलं, म्हणून मी हिसका दिला. पलीकडून कोणीतरी हिसका परत दिला.

मग कळलं. दोरीवर उन्हाळाभर शेवाळ साठलं होतं, शेवाळात बारीक मासे लपले होते, आणि त्या बारीक माशांच्या आशेनं बार्श तिथे उभे होते. सगळं तळं सोडून माझ्याच यंत्राभोवती. जिथे मी एकदाही गळ टाकला नव्हता.

मासा वायरीभोवती दोन वेढे मारून बसला. वायर ओढली तर गोळा जवळ आला, काळे पट्टे दिसले, पण वर काही येईना. खाली वीट चिखलात रुतलेली. म्हातारा पहिल्यांदाच आपल्या जागेवरून उठला, हातात जाळं घेऊन आला, पोटावर आडवा झाला आणि म्हणाला, "काबेल ओडर फिश?" वायर की मासा. डबीवरचे पाचही आकडे हिरवे चमकत होते. मी चाकू काढला आणि दोरीसकट वायर कापली. आकडे गेले. जाळ्यात मासा आला, त्याच्याबरोबर शेवाळ, लाल गोळा आणि वरचा एक सेन्सर.

इथल्या कायद्यानं मासा लगेच मारावा लागतो, आधी डोक्यात फटका. परीक्षेत मला यात पूर्ण गुण होते. आईनं सत्तर वर्षं मासे खाल्ले, पण स्वतः एकही मारला नाही. ती कामं बाजारात कोणीतरी करून ठेवायचं. तिनं खुर्ची उचलून पाण्याकडे पाठ केली. "तुवं काय ते करून घे. मी तिकडं पायतो." मी केलं.

बार्शचे खवले म्हणजे चिलखत. आईनं सुरी, चमचा, शेवटी बायकोची खोबऱ्याची खवणी वापरली. खवले भिंतीवर, खिडकीवर, वायफायच्या डब्यावर. बायकोला ते नाताळापर्यंत सापडत राहिले आणि प्रत्येक वेळी तिनं मला बोलावून दाखवले. मासा हाताच्या पंजाहून थोडा मोठा. चौघांसाठी रस्सा करायचा म्हणून आईनं त्यात बटाटे घातले, चिंच घातली, तिखट तिचं, भंडाऱ्याहून आणलेलं. लेकीनं "त्सु शार्फ", फार तिखट, म्हणत नुसता भात खाल्ला.

डोकं आईनं स्वतःच्या ताटात घेतलं. मी बघत होतो. तिनं गालाजवळचा तुकडा काढून खाल्ला, मग काटा बाजूला ठेवला.

"किती डिगरीले भेटला हा?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. तेव्हाच वायर कापली."

"तीन मयने मोजत होता ना?"

"हो."

"बटाटे जास्त झाले," ती म्हणाली आणि डोक्याची दुसरी बाजू फिरवून घेतली. "पुढच्या वर्षी येईन तवा दोन धर."