चुकांची दहा मिनिटं

शनिवारी सकाळी साडेनऊला मी आमच्या व्याख्यानमालेचा फळा लिहीत होतो. सदाशिव पेठेत आमचं सभागृह आहे, म्हणजे म्हणायचं सभागृह, एरवी तिथे मुंजी आणि साखरपुडे होतात. त्याच्या फाटकाशी हा फळा कित्येक वर्षं टांगलेला आहे आणि चिटणीस या नात्याने तो लिहिण्याचा मान माझा. ‘बुधवार, संध्याकाळी सहा. विषय : शेजार. वक्त्या : शरयू दामले’ एवढं लिहून झालं होतं आणि ‘उशिरा येणाऱ्यांनी मागे उभे राहावे’ ही आमची नेहमीची प्रेमळ सूचना सुरू केली होती, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शरयूताईंची भाची मृणाल बोलत होती. “काका, मावशी गेली. पहाटे, झोपेतच.” मी “बरं” म्हणालो. अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतो. फोन ठेवला आणि उरलेला ‘राहावे’ पूर्ण केला. मग डस्टर उचललं, पण हात काही पुढे जाईना... तो फळा मी पुढे दोन आठवडे पुसला नाही. रस्त्यावरून जाणारे विचारायचे, “जोगळेकर, बुधवार होऊन गेला की!” मी म्हणायचो, “मला कॅलेंडर वाचता येतं.”

शरयूताई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या प्राध्यापक नव्हत्या, राजदूत नव्हत्या, दिल्लीतल्या कुठल्या अभ्यासगटात तर मुळीच नव्हत्या, आणि आपल्याकडे परराष्ट्र धोरणावर बोलायला यापैकी काहीतरी असावं लागतं. एका वर्षी ठरलेले निवृत्त अधिकारी ऐनवेळी आले नाहीत म्हणून मी पहिल्या रांगेत बसलेल्या या बाईंना विनंती केली, आणि त्यानंतर वीसेक वर्षं जानेवारीतल्या त्या बुधवारी दुसरं कोणी उभं राहिलं नाही. विषय एकच. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव. मोठ्या देशांच्या आघाड्या कशा जुळतात, कोण कुठे बंदर बांधून देतं, कोण रस्ता, कोण दवाखाना, कोण शिष्यवृत्त्या देऊन त्यांची मुलं आपल्याकडे शिकायला नेतं, आणि या सगळ्या लाडाकोडात त्या छोट्या देशाला निर्धास्त झोप लागते का, हा त्यांचा खरा प्रश्न. पुढच्या रांगांत आम्ही पेन्शनर आणि मागच्या रांगांत स्पर्धा परीक्षेची मुलं, त्यातली निम्मी ऐकायला आलेली, निम्मी फोन चार्ज करायला. शरयूताई पाठीमागे हात बांधून उभ्या राहायच्या आणि समोर कागद नसताना तासभर बोलायच्या. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा, आणि तो मी त्यांना एकदाही बोलून दाखवला नाही, कारण आमच्या पेठेत तशी पद्धत नाही.

आता जे लिहिणार आहे ते आजवर छापून तर सोडाच, घरीही कधी बोललो नव्हतो. आमच्याकडे व्याख्यान संपलं की श्रोते चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून पाठवतात. चिठ्ठ्या चिटणिसाकडे येतात, चिटणीस त्या वाचून दाखवतो. वाचायच्या आधी चाळतो, हे कोणी सांगत नाही. अर्धवट, उद्धट, वक्त्याला अडचणीत टाकणाऱ्या अशा चिठ्ठ्या मी गुपचूप खिशात घालायचो आणि त्याला यजमानधर्म समजायचो.

दहा वर्षांपूर्वीचा जानेवारी होता. नेपाळच्या सीमेवर महिनोन्महिने ट्रक अडकून पडले होते, तिकडे गॅस नाही, पेट्रोल नाही. ट्रक नेमके कोणी अडवले यावर दोन्ही देशांत दोन मतं होती आणि आमच्या सभागृहात तर प्रत्येक खुर्चीला एक होतं. शरयूताई त्या दिवशी रंगात होत्या. म्हणाल्या, “थोडे दिवस कुरबुर चालेल. पण नेपाळ जाणार कुठे? देव तेच, लिपी तीच. आपल्या मालिका तिथे घराघरात बघतात. ज्याच्या घरात आपली गाणी वाजतात त्याची धास्ती आपण कशाला घ्यायची?” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग चिठ्ठ्या आल्या. त्यात एक निळ्या शाईतली, सुवाच्य अक्षरातली होती. ‘मॅडम, मी इथे शिकायला आले आहे, माझं घर नेपाळात, ललितपूरला आहे. आई तुमची मालिका एक दिवस चुकवत नाही. सध्या गॅस नाही म्हणून ती गच्चीवर विटा मांडून लाकडावर भात करते, आणि भात होईपर्यंत खाली येऊन मालिका बघते. ती मालिका बघते हे तुम्ही मोजलंत. लाकडं मोजणार का?’

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि खिशात घातली. त्याऐवजी ‘भूतानमध्ये फिरायला कोणता ऋतू चांगला?’ हा प्रश्न वाचून दाखवला.

कार्यक्रमानंतर पाहुण्यांना कॉफी देतो तेव्हा मला राहवेना. चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, घडी केली, पुन्हा उघडून वाचली. कॉफीवर साय धरली तरी कप उचलला नाही. मग शांतपणे म्हणाल्या, “अहो जोगळेकर, ही मला आलेली होती.” मी म्हणालो, “तुमचा अपमान होऊ नये म्हणून...” तर म्हणाल्या, “माझा अपमान झाला असता तर माझा झाला असता. तुम्ही त्या मुलीचा करून ठेवलात. ती आता खोलीवर जाऊन काय समजेल? तिकडे ट्रक अडले, इकडे तुम्ही चिठ्ठी अडवलीत.” एवढं बोलून त्या कॉफी न घेताच गेल्या. मी त्यांच्यापेक्षा वयाने फक्त चार वर्षांनी लहान, पण त्या दिवशी घरी जाताना मला शाळेतून तक्रारीची चिठ्ठी घेऊन निघाल्यासारखं वाटत होतं.

दोनेक महिन्यांत बातमी आली की काठमांडूने उत्तरेकडच्या मोठ्या शेजाऱ्याशी मालवाहतुकीचा करार केला. शरयूताईंनी बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली आणि एक विटलेला नेपाळी शब्दकोश मिळवला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्या तिकडची वर्तमानपत्रं वाचायला शिकल्या. लिपी तीच आहे हे भाषणात सांगणाऱ्या बाईंनी त्या लिपीत काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं, ही त्यांची बोच होती. पुढच्या डिसेंबरात त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “यंदा सुरुवातीची दहा मिनिटं मला वेगळी हवीत. गेल्या वर्षी मी काय काय चुकीचं सांगितलं ते आधी सांगेन, मग पुढचं बोलेन.”

मला काही अडचण नव्हती, आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांना होती. ते म्हणाले, “बाई, लोक इथे देशाचा अभिमान वाटावा म्हणून येतात. चुका घरी मोजाव्यात. आणि ती परदेशी चिठ्ठी तर अजिबात नको, आमच्या व्यासपीठावरून चालणार नाही.” शरयूताईंचं व्याख्यानच रद्द होणार, असं मला वाटलं. त्यांचं वर्षभराचं सगळं त्या एका बुधवारावर उभं असायचं, हे मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, “ठीक आहे. व्यासपीठावरून नाही सांगत.”

बुधवारी पावणेसहाला त्या फाटकाबाहेर, चपलांच्या मांडणीशी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या माणसांना थांबवून बोलू लागल्या. “गेल्या वर्षी मी तुम्हाला सांगितलं, नेपाळ कुठे जाणार? तो गेला. मी आपल्या मालिका मोजल्या, त्यांच्या चुली मोजल्या नाहीत. एका श्रोत्याने मला तेव्हाच लिहून कळवलं होतं. मी उत्तर दिलं नाही.” मी उत्तर दिलं नाही! चिठ्ठी कोणी खिशात घातली हे त्या बोलल्याच नाहीत. मी तिथेच, हातात फुलांचा गुच्छ घेऊन उभा होतो. मग त्यांनी जपून ठेवलेली ती निळ्या शाईतली चिठ्ठी मोठ्याने वाचली. रस्त्यावर गर्दी झाली, दोन स्कूटरवाले थांबले, मागच्याने हॉर्न वाजवला तर पुढच्याने त्याला “ऐका की जरा” म्हणून दटावलं. त्या म्हणत होत्या, “आपली गाणी त्यांना आवडतात, ही सॉफ्ट पॉवर खरी आहे, मला तिचं कौतुकच आहे. पण ज्याला आपण आवडतो त्याला आपली भीती वाटत नाही, असं नसतं. भीती वाटली की तो दुसऱ्या मोठ्या घराशी सलोखा करतो, आणि मग ते दुसरं घर थेट आपल्या कुंपणाला येऊन भिडतं. त्याची काळजी घेणं हे उपकार नाहीत, ती आपलीच सुरक्षा आहे.”

गर्दीतून एक तरुण मुलगी पुढे आली. मराठी स्वच्छ, पण ‘ळ’ला जरा अडखळणारी. “मॅडम, ती चिठ्ठी माझी.” प्रतिमा तिचं नाव. इथेच इंजिनीयर झाली आणि हिंजवडीला नोकरीला लागली होती. शरयूताईंनी तिच्याकडे बघितलं आणि हात जोडले. आमच्या पेठेत सत्तरीकडे झुकलेल्या शिक्षिकेने पंचविशीतल्या मुलीपुढे असे हात जोडलेले मी तरी त्याआधी पाहिले नव्हते. प्रतिमा गोंधळली, मग वाकून पाया पडली, आणि अध्यक्षांना ते सगळं दारातून बघावं लागलं. पुढच्या वर्षी ते स्वतःच मला म्हणाले, “बाईंना दहा मिनिटं आतच द्या. बाहेर रहदारी अडते.”

तेव्हापासून चुकांची दहा मिनिटं हा आमच्या व्याख्यानमालेचा सगळ्यात गर्दीचा भाग झाला. लोक दहा मिनिटं आधी येऊन बसू लागले, जे पुण्यात कोणत्याही मुख्यमंत्र्याला जमलेलं नाही. ढाक्यातलं सरकार भक्कम आहे असं त्यांनी एका वर्षी ठामपणे सांगितलं आणि ते त्याच पावसाळ्यात कोसळलं. पुढच्या जानेवारीत त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि आपण कुठे फसलो ते समजावलं. मागच्या रांगेतला एक परीक्षार्थी उठून म्हणाला, “मॅडम, मी हे पेपरात लिहून आलो होतो हो.” त्या म्हणाल्या, “मग पुढच्या वेळी माझी चूकही लिहा, त्याला जास्त मार्क मिळायला हवेत.” प्रतिमाची आई तिकडून दरवर्षी टिमुर पाठवायची, आपल्या तिरफळाचाच भाऊबंद. शरयूताई तो आमटीत घालून मला जेवायला बोलवायच्या आणि जीभ बधिर झाली की विचारायच्या, “काय, पडला का नेपाळचा प्रभाव?”

मात्र एक गोष्ट मला सलत राहिली. फाटकाबाहेर बोलल्या त्या वर्षापासून त्यांनी चिठ्ठ्यांसाठी घरून पोळ्यांचा एक स्टीलचा डबा आणायला सुरुवात केली. डबा रांगांतून फिरायचा, श्रोते चिठ्ठ्या त्यात टाकायचे आणि तो थेट त्यांच्या टेबलावर यायचा. उघडायच्याही त्याच, वाचायच्याही त्याच. माझ्याकडे काम उरलं माइक धरण्याचं. “तुमच्यावर राग नाही,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मी त्यानंतर कुठे, कोणाचीही चिठ्ठी अडवली नाही, इतर वक्त्यांच्या वेळी उद्धटातली उद्धट वाचली. तरी दर जानेवारीत वाटायचं, यंदा बाई डबा माझ्याकडे देतील. नाही दिला. एकदा व्याख्यानात त्या म्हणाल्या, “सीमा उघडते, ट्रक सुटतात, तरी शेजारी दुसरी वाट तयार ठेवतोच. तो राग नसतो, त्याला एकदा अनुभव आलेला असतो.” डबा समोरच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मी खाली मान घालून माइकची वायर सरळ करत बसलो.

त्या गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात आम्ही त्यांचा राहिलेला बुधवार साजरा करायचं ठरवलं. साजरा हाच शब्द मी फळ्यावर लिहिला, कोणाला खटकला असेल तर खटको. त्या दुपारी मृणाल एक पाकीट आणि तो डबा घेऊन आली. पाकिटावर शरयूताईंच्या, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा अक्षरात ‘यंदाच्या चुका’ असं लिहिलेलं. “मावशीने व्याख्यानासाठी काढून ठेवलं होतं. काका, तुम्हीच वाचा ना.” मी ते पाकीट सभागृहात, लोकांसमोरच फोडलं. आधी उघडून चाळायची सवय मला होती, म्हणूनच.

पहिली चूक : ‘काठमांडूची तरुण मुलं फोनमध्ये बुडालेली आहेत, ती रस्त्यावर उतरणार नाहीत, असं म्हणाले. समाजमाध्यमांवर बंदी आली आणि ती उतरली. सरकार गेलं, आणि कितीतरी कोवळे जीवही गेले. मी शिक्षिका असून मुलांना ओळखलं नाही.’ प्रतिमा दुसऱ्या रांगेत बसली होती, तिने डोळे पुसले. दुसरी : ‘मालदीवशी बिनसलेलं इतक्यात पुरतं सावरणार नाही, असं म्हणाले. सावरलं. मला बरं वाटलं, अशा चुका वरचेवर होवोत.’ लोक हसले.

तिसरी मी मनात वाचली आणि थांबलो. सभागृहात दोनशे माणसं, पहिल्या रांगेत माझी बायको आणि व्याही. कागद घडी करून खिशात घालणं अगदी सोपं होतं, कोणालाही कळलं नसतं...

मी वाचलं. ‘तिसरी चूक. जोगळेकरांनी दहा वर्षांपूर्वी एक चिठ्ठी अडवली. त्यानंतर एकही अडवलेली नाही, हे मी दरवर्षी बघत होते. तरी डबा माझ्याकडेच ठेवला. इतकी वर्षं लागायला नको होती. यंदापासून डबा त्यांच्याकडे.’

मी तो कागद टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. मग प्रतिमा उठली, तिने टेबलावरचा डबा उचलला आणि रांगांतून फिरवून माझ्यापुढे आणून ठेवला. मी झाकण उघडलं. आत टिमुरचा मंद वास होता. चिठ्ठ्या एकोणीस होत्या. पहिलीच मला उद्देशून होती : ‘चिटणीस, आणखी किती अडवल्यात?’

ती मी मोठ्याने वाचली, आणि आठवत होत्या तेवढ्या सांगितल्या. मग उरलेल्या अठराही वाचल्या.