दोधूच्या लाडवांची गादी

म्हसावदमध्ये येऊन दोधूसिंगचं घर विचारलं असतं तर कोणी सांगितलं नसतं. त्याच्या नावातलं 'सिंग' गावानं कधीच गाळून टाकलं होतं. पण 'ताटवाला दोधू' म्हटलं की शेंबडं पोरही घराकडे बोट दाखवायचं. शेत होतं, ते बटाईनं दिलेलं. बैल होते, ते भावाच्या गोठ्यात, भावाचाच चारा खात. दोधूला वर्षात काम एकच, आणि तेही दिवाळीत. दुसऱ्यांच्या बायकांनी केलेला फराळ सोयऱ्यांकडे धाडायच्या ताटात मांडायचा.

हे काम हलकं आहे असं कोणी म्हटलं की दोधू त्याच्याशी तुळशीच्या लग्नापर्यंत बोलायचा नाही. बोलावणं आलं की आधी धोतर धुऊन घ्यायचा, मिशीला तेल लावायचा, आणि ज्या घरी जाईल तिथं पहिल्यांदा पाट मागायचा. पाटावर बसून चहा घ्यायचा. मग रात्र रात्र चुलीपुढं भाजून निघालेल्या बाया आपापले डबे त्याच्यापुढं आणून ठेवायच्या आणि हा एकेक जिन्नस उचलून उजेडात धरायचा.

"हाई करंजीनं पोट फुटेल शे. इले मांगे बसाड."

"भाऊजी, तळता तळता फुटनी."

"मंग मन्हाजोडे कसाले आनी? मी काय वैद शे?"

कडेनं करंज्या, पोट बाहेर काढून, एकीच्या अंगावर एक रेललेल्या. त्यांच्या आत चकल्यांचं कडं. मग गवताच्या गंजीसारखी शेव. शेवेला टेकून अनारसे, खसखशीचं तोंड माणसांकडे. आणि मधोमध लाडवांचा कळस. हा कळस म्हणजे दोधूची खरी कमाई. ताट दारातून आत येताना आधी कळस दिसायचा, मग ताट आणणारा.

कळसाच्या पोटात काय असतं ते मात्र दोधू आणि त्या घरची बाई यांनाच ठाऊक. पोटात असायची एक भली मोठी वाटी, पालथी घातलेली. दोधू तिला 'गादी' म्हणायचा. "लाडूले गादी लागस. राजा काय भुईवर बसस का?" या गादीमुळं जिथं परातभर लाडू लागावेत तिथं दोन मुठींत भागायचं. उमेदमल मारवाड्याच्या दाखूबाईनं पहिल्यांदा ही करामत पाहिली तेव्हा उरलेल्या लाडवांचा डबा छातीशी धरून ती म्हणाली होती, "दोधूजी, थे तो कमाल कर दी." तेव्हापासून दोधू उमेदमलच्या दुकानात गल्ल्याजवळ बसायला लागला. उमेदमल त्याला उठ म्हणत नसे, आणि उधारही देत नसे.

गादी सांभाळायला दोधूनं एक रीतच पाडून ठेवली होती. कळस चारचौघांत मोडायचा नसतो, घरात नेऊन मोडायचा असतो, लक्ष्मी नाराज होते. हे लक्ष्मीनं त्याला कधी सांगितलं ते कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? ताट उघडलं की पाहुण्या बायांच्या हातावर कडेच्या करंज्या पडायच्या, कळस घरात जायचा आणि घरातल्या बाईला लाडवांखाली दुसऱ्याची वाटी सापडायची. ती काय करणार? वाटी परत धाडली तर समोरची लाजणार, आणि मग आपण तिच्याकडे धाडलेल्या वाटीचं काय, हा प्रश्न येणार. त्यापेक्षा ती वाटी घासूनपुसून फळीवर ठेवायची, कोरलेलं नाव भिंतीकडे करून. दिवाळी सरली की म्हसावदच्या प्रत्येक घरात आपली एक वाटी कमी असायची आणि परकी एक वाटी जास्त. बरं, हे लोण म्हसावदपुरतं राहिलं नाही. लेकी जिथं जिथं दिल्या, तिथं तिथं गादी गेली.

पण आपण सांगतोय ती दिवाळी दोधूच्या स्वतःच्या घरची.

त्याची एकुलती एक लेक कोकिळा चैतात तापीकाठच्या एका गावात दिली होती, करणसिंगची सून म्हणून. करणसिंग साधा माणूस, जेवणं आणि झोपणं यापलीकडं त्याची कोणाला तोशीस नाही. घर चालायचं ते त्याच्या बायकोच्या, जमनाबाईच्या तोंडावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी येते, झोका बांधते, गाणी म्हणते. जमनाबाईनं नव्या सुनेला धाडलं नाही. तिच्याऐवजी सांजोऱ्यांचं आणि लाडवांचं ताट धाडलं. गुलाबबाई, म्हणजे दोधूची बायको, ते ताट पुढ्यात घेऊन रिकाम्या झोक्याकडे बघत बसली. दोधूनं कळस एका बाजूनं निरखला आणि म्हणाला, "गादी शे. पन तिरपी बसाडेल शे."

पावसाळ्यात एक कासारीण बांगड्या भरायला आली. तिनं सांगितलं, कोकिळेच्या सासऱ्याची वरण खायची वाटी हरवली आहे. सासूनं आळ सुनेवर घेतला, नदीवर घासायला नेली आणि वाहवली म्हणून. चार बायांत बोलते, पोर मान खाली घालून ऐकते.

"वाटीच शे," दोधू जेवता जेवता म्हणाला. "हारपस."

 गुलाबबाईनं फळीकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या पानात भाकरी वाढली.

दिवाळी जवळ आली. पहिली दिवाळी, जावयाला आणि लेकीला बोलवायचं. जमनाबाईचा निरोप आला, "पहिले ताट दखसूत, मंग धाडसूत." म्हणजे ताट पसंत पडलं तर लेक येणार, नाही पडलं तर आखाजीसारखीच दिवाळी. गुलाबबाई त्या दिवसापासून चुलीपासून हलली नाही. डाळ स्वतः दळली, तूप कढवलं, आणि बेसन भाजताना कोणाला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दोधूनं घरातच पाट मागितला.

"वाटी आन."

"वाटी कसाले? लाडू परात भरीसन शेत. नुसते ठेवात तरी डोंगर व्हई."

"भरेल ताट येगळं आन् मांडेल ताट येगळं. नुसता लाडूना ढीग वाटमा बसी जाई. डमणीना धक्का काय थोडा ऱ्हातस?"

"मन्ही पोरगी चैतपशी नजरले पडनी नही. तठे कोन्ही वाटी दखी, तं ती दिवाळीलेबी येवाव नही. हाई ध्यानमा शे का तुमना?"

"इतला वरीस कोन्ही दखी का?"

तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. दोधूला ती नजर कौतुकाची वाटली. मग तो उठून स्वतःच वाट्या हुडकायला लागला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की घरात आपली अशी वाटीच उरली नाही. गेल्या दहा-बारा दिवाळ्यांत ज्या ज्या घरी वाटी कमी पडली, तिथं तिथं यानं ऐटीत आपल्या घरची नेली होती. फळीवर एकच राहिली होती, काशाची, जाडजूड, रुंद बुडाची.

"हाई ली ल्या," गुलाबबाई म्हणाली. ती तिनं आधीच घासून ठेवली होती, चिंच लावून, सोन्यासारखी.

"हाई कोन्ही शे? नाव कोरेल दिखस."

"नाव तं बठ्ठी वाटीस्वर ऱ्हास. बसाडा."

दोधूला अक्षर येत होतं ते आपल्या सहीपुरतं. त्यानं वाटी पालथी घातली, बोटानं ठोकली आणि खूष झाला. अशी रुंद गादी त्याला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. त्या दिवशी त्यानं जो कळस चढवला तसा आधी कधी चढवला नव्हता, नंतरही नाही. उरलेले लाडू गुलाबबाईनं डब्यात भरले आणि डबा मुकाट्यानं डमणीत ठेवला.

डमणी भावाची, बैल भावाचे, हाकायला गडीही भावाचाच. दोधूचं असं मांडीवरचं ताट तेवढं. पहाटे म्हसावद सोडलं. चाक खड्ड्यात गेलं की दोधू ताटासकट अधांतरी उठायचा आणि ताटासकट खाली बसायचा. शहादं मागं पडेतो त्याच्या मांड्यांना मुंग्या येऊन त्या गेल्याही होत्या. पण कळस हलला नाही. गड्यानं एकदा विचारलं, "आप्पा, तंबाखू देऊ का?" तर दोधूनं नुसती मान हलवली, तोंड उघडलं तर श्वासानं एखादी शेव हलेल म्हणून.

जमनाबाईनं ओसरीवर गल्ली गोळा करून ठेवली होती. पाट मांडला होता. खाटेवर करणसिंग बसला होता, त्याच्या शेजारी जावई. दाराआड पदराचं टोक दिसत होतं, ती कोकिळा. दोधूनं ताट ठेवलं, फडका काढला, आणि ओसरीभर "आगं माय" असं उमटलं. दोधूनं मिशीवरून हात फिरवला.

जमनाबाईनं ताटाला हळदीकुंकू लावलं. मग तिचा हात कडेच्या करंजीकडे न जाता सरळ कळसाकडे गेला.

"याहीनबाई," दोधू विहिणीला म्हणाला, "कळस घरमा मोडाना ऱ्हास."

"तुमना गावमा ऱ्हास व्हई, याही. आठे बठ्ठ्यास्ना समोर मोडतस." तिनं पहिला लाडू शेजारच्या फुलवंताबाईच्या हातावर ठेवला. "म्हसावदना ताटनं नाव लई आयकेल शे. दखू तं दे, मझार काय शे."

म्हणजे हिला ठाऊक होतं. दोधूनं मिशीवरचा हात खाली घेतला. लाडू एकेक करून निघत होता आणि प्रत्येक लाडवाबरोबर दिवाळी एकेक पाऊल मागं सरत होती. घरी गुलाबबाई दाराला तोरण बांधून बसली असेल, आणि आपण एकटे डमणीतून उतरू. काय सांगायचं तिला? डबा राहिला होता डमणीत. आणावा का पळत जाऊन? पण ओसरीभर बाया वाट अडवून बसल्या होत्या. फेटा सरकून म्हाताऱ्याचं टक्कल दिसावं तसं लाडवांतून वाटीचं बूड दिसायला लागलं.

"हाई काय शे, याही? म्हसावदमा कांसाना लाडू करतस का?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दाराआडचं पदराचं टोक आत ओढलं गेलं. जमनाबाईनं वाटी उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली, जत्रेत बक्षीस दाखवावं तशी.

"दखू वं," खाटेवरून करणसिंग म्हणाला.

त्यानं वाटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. त्याच्या चेहऱ्यावर लहान पोराचा आनंद पसरला.

"मन्ही वाटी शे हाई. यात्रामा लियेल. हाई दख, करणसिंग. आखाजीपशी पेलामा वरन पी ऱ्हायनू मी."

जमनाबाईचा वर धरलेला हात तसाच राहिला, रिकामा.

फुलवंताबाई लाडू चावत होती. तिनं तो घास पुरा गिळला, घाई केली नाही. "आखाजीलेच हारपनी नं? तूच सांगं व्हतं, जमना. सूननी नदीमा वाहाडी दिन्ही म्हनीसन."

"हो."

"तापी म्हसावदवरथून कव्हयपशी वाही ऱ्हायनी?"

कोणी हसलं नाही. हसण्याची सोय नव्हती. त्या ओसरीवर अशी एकही बाई नव्हती जिची वाटी दुसऱ्याच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून बसली नव्हती. आखाजीला हरवलेली वाटी म्हसावदला कशी जाते, ते कोणाला समजावून सांगायला नको होतं. एक करणसिंग सोडून. तो धोतराच्या सोग्यानं वाटी पुसत होता आणि पुन्हा पुन्हा आपलं नाव वाचत होता.

जमनाबाईचं तोंड बेसनापेक्षा जास्त भाजलेलं दिसत होतं. ती दाराकडे न बघता म्हणाली, "सून, तुन्हं गाठोडं बांध. बाप लेवाले येल शे, तं उशीर काबर?" आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "वाटी तुनी हारपाडेल नव्हती, माय."

यातलं दोधूला काय कळलं? सुरुवातीला काहीच नाही. मग त्याचं डोकं चालायला लागलं आणि नेहमीच्या वाटेनंच चाललं. एवढी मोडतोड होऊनही याहीणीनं लेक धाडली, म्हणजे मांडणीच तशी होती. डमणी गावाबाहेर पडेपर्यंत त्याची खात्रीच झाली.

"बा," कोकिळेनं विचारलं, "ती वाटी मायनी दिन्ही का?"

"घरमा व्हती, ती लिन्ही. वाटीनं काय ली बठनीस? मांडनी दखी का तू?"

कोकिळेनं तोंड कापसाच्या शेताकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. सासर सोडताना पोरीला रडू येतंय असं समजून दोधूनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

मोकळं ताट परत धाडायचं नसतं, म्हणून जमनाबाईनं ते भरून दिलं होतं. दोधूनं बुडाशी टिचकी मारून पाहिली. पोकळ वाजलं नाही. वरपासून खालपर्यंत नुसते लाडू.

"बसकं ताट शे," तो डमणीत शेजारी बसलेल्या जावयाला म्हणाला. "तुमनाकडे शिकाडनारं कोन्ही नही."

म्हसावदला डमणी थांबली तेव्हा गुलाबबाई दारातच होती. तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग नवऱ्याला विचारलं, "वाटी कोठे शे?"

"तठेच ऱ्हायनी."

"ऱ्हाऊ द्या. जिन्ही तिले भेटनी."

मायलेकी एकमेकींकडे पाहून आत गेल्या आणि आतून जे हसू फुटलं ते शेजारच्या दोन घरांनी ऐकलं. दोधू ओसरीवर एकटाच उभा राहिला, आपल्याला सोडून कसला आनंद चाललाय याचा अंदाज घेत.

पाडव्याला जावयाची पंगत बसली. दोधूनं गल्लीतले चार प्रतिष्ठित मुद्दाम बोलावले होते, त्या ताटाची हकिकत सांगायला. उमेदमलशेठही पाणी प्यायला म्हणून येऊन बसले. पानं वाढली, आणि जावयाच्या पानापुढं वरणाला पळसाचा द्रोण आला. दोधूच्या पुढंही द्रोण. सगळ्यांच्याच पुढं द्रोण.

"अवं, वाट्या?" दोधूनं हळूच विचारलं.

"कोन्हा घरथून आनू?" गुलाबबाई सगळ्यांदेखत, अगदी आदरानं म्हणाली. "तुम्हीच सांगा. बठ्ठी घरं तुम्हले ठाऊक शेत."

पंगतीतल्या माणसांनी आपापल्या पानात माना घातल्या. उमेदमलनं मिठाकडे पाहिलं. दोधूचा द्रोण नेमका शिवणीत उसवला होता. कढत वरण बोटांवरून मनगटाकडे निघालं, म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि घाईघाईनं तोंडाला लावला. ताटाची हकिकत त्याच्या जिभेवर होती. पण द्रोण खाली ठेवता येईना, आणि तो रिकामा होत आला की कोकिळा पुन्हा भरत होती.