कौलं उतरवलेलं देऊळ

त्या सकाळी मला पहिल्यांदा वाटलं की प्रभूने आपल्याला सोडलं. खरं तेच लिहिते. शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही नगर जिल्ह्यातले. लग्नानंतर बडोद्याला आलो, तिथल्या वासणा भागात एका खोलीत राहायचो. हे ठेकेदाराकडे वेल्डिंग करायचे. तेव्हा बडोद्याच्या आजूबाजूला नवेनवे कारखाने उभे राहत होते. काम होतं, पण ओळखीचं कुणी नव्हतं. मला गुजराती धड यायचं नाही. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचं आणि उपासना संपली की खाली मान घालून निघायचं, एवढाच माझा मंडळीशी संबंध.

दिवाळीच्या सुट्टीत कारखान्यात दुरुस्ती चालली होती, तिथे हे उंचावरून पडले. मांडीचं हाड मोडलं, रक्त फार गेलं. दवाखान्यात म्हणाले, ऑपरेशन लगेच करावं लागेल, रक्त देणारी माणसं आणा. माझं घेतलं नाही. "तुझ्याच अंगात नाही, बाई," सिस्टर म्हणाली. ह्यांच्या जोडीची माणसं गावी गेलेली. कुणाला बोलावू? काही सुचेना, म्हणून रिक्षा करून चर्चला गेले. आम्ही गावाकडे चर्चला देऊळच म्हणतो. घरची प्रार्थना रोजची, पण जिवावरचं मागणं देवळात, वेदीपुढे गुडघे टेकूनच करायचं, असं मनात पक्कं बसलेलं.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि जागीच थिजले. देवळाला छप्परच नव्हतं. कडेची थोडी कौलं सोडली, तर वाशांमधून उघडं आभाळ दिसत होतं. बाक अंगणात एकावर एक रचलेले, वेदीवर गोणपाट, पुढे वाळूचा ढीग. भिंतीवरचा क्रूससुद्धा काढलेला, त्याच्या जागी नुसता पांढुरका डाग. गुडघे टेकायला जागा नव्हती. मी वाळूतच बसले. रडू येईना, तोंडातून प्रार्थनाही निघेना.

"ओ बेन, तिथे नको बसू, डोक्यात कौल पडेल!" डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक म्हातारी ओरडली. ही बडोद्यातल्याच अकोटा भागातली मार्थामावशी, हे मला नंतर कळलं. माझा चेहरा बघून ती हसली. "एवढं काय घाबरतेस गं? छापरू उतरवलंय, प्रभूला नाही उतरवलं."

"माझ्या माणसाला रक्त पाहिजे," मी म्हणाले.

तिचं हसू मावळलं. वर बघून तिने हाक दिली, "अरे छोकराओ, कौलं ठेवा! नीचे आवो बधा!"

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. भिंतींवर, शिडीवर, सगळीकडे माणसं. जुनी कौलं फुटू नयेत म्हणून सुट्टी साधून मंडळीच ती हाताने उतरवत होती. पाळकसाहेबही पँट दुमडून शिडीवर होते. एरवी कामाच्या दिवशी त्या दाराला कुलूप असतं.

"ग्रुप कुठला, बेन?" एकाने विचारलं. मला माहीत नव्हतं. "चालेल," तो म्हणाला, "आमच्यात सगळ्या जातीचं मिळेल."

कौलं न्यायला आणलेल्या टेम्पोत सगळे चढले. लाल धुळीने माखलेली ती फौज पाहून सिस्टर म्हणाली, "रक्त द्यायला आलात की घर शाकारायला? आधी हात धुवा!"

ऑपरेशन चालू असताना ती माणसं दवाखान्याच्या फरशीवर गोल बसली. पाळकसाहेबांनी गुजरातीत प्रार्थना केली. मला त्यातलं ह्यांचं नाव तेवढं कळलं. डोक्यावर पदर घेऊन मी नुसती ऐकत राहिले. अजून विश्वास बसत नव्हता की हे माझ्याच बाबतीत घडतंय.

हे वाचले. पाय थोडा ओढतात. देवळाला नवं छप्पर आलं आणि अजूनही मी मागणं घेऊन तिथेच जाते. ही सगळी माणसं तिथेच तर एकमेकांची झाली. पण त्या दिवशी मी काही मागितलंच नव्हतं, मागायचं बळच उरलं नव्हतं. हातातलं सगळं सुटलं तेव्हा कुणीतरी धरून ठेवलं, एवढंच मला कळतं. रात्री जाग आली की शेजारी ह्यांचा श्वास ऐकू येतो. उपकार मानायला मला तेवढा पुरतो.