आहेराचं घड्याळ

मी आज जो काही आहे तो माझ्या धाकट्या मामांमुळे. वडील लवकर गेले. मामांनी आईला आणि मला वालूरच्या पुढे असलेल्या आपल्या गावी आणलं, मला शाळेत घातलं आणि पदवी हातात पडेपर्यंत औताला हात लावू दिला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं.

मामा गावच्या मालकांकडे सालगडी होते. शेतातली कामं होतीच, पण म्हाताऱ्या मालकांनी त्यांच्याकडे आणखी एक काम विश्वासानं दिलं होतं. रोज सकाळी अंघोळीनंतर देवळीतलं घड्याळ काढायचं, चावी द्यायची आणि मालकांच्या मनगटावर बांधायचं. निजामाच्या अमलात हैदराबादहून आणलेलं ते स्विस घड्याळ होतं, सोन्याचं आणि अगदी चपटं. मालक उर्दूत शिकलेले. घड्याळाच्या पाठीवर त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर उर्दूत कोरलेलं होतं.

नामांतराची दंगल पेटली आणि परभणीतलं माझं कॉलेज बंद पडलं. मी गावी आलो, त्याच दिवसांत ते घड्याळ नाहीसं झालं. मालक तेव्हा अंथरुणाला खिळलेले, कारभार थोरल्या मुलाच्या हातात. त्यानं मामांना मारुतीच्या पारावर उभं केलं. पटका सोडायला लावला, धोतर झटकायला लावलं. मामा एवढंच म्हणाले, "मालकास्नी इचारा. त्यांची जीभ हाय अजून."

"चोर तर चोर, वर साक्षीदार मागायलाय," थोरला म्हणाला, आणि लोक हसले. हसणाऱ्यांत आमची भावकीही होती. मी पुढे सरसावलो, तर मामांनी नजरेनंच मला मागे ढकललं. माझी परीक्षा व्हायची होती. मालकांना कुणी काही विचारलं नाही आणि थोड्याच दिवसांत ते गेले.

मामा आईला घेऊन पूर्णेला गेले आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलू लागले. माझी खाणावळ त्या पोत्यांवर चालली. पुढे आई गावी एकदोन लग्नांना जाऊन आली, मामा मात्र कधीच गेले नाहीत. सख्ख्या पुतणीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते धक्क्यावर कामाला होते. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "पंगतीत बसलो की शेजारचा खिसा चाचपतोय."

मी परभणीत ज्युनिअर कॉलेजवर शिकवायला लागलो, आणि पहिल्या पगाराच्या महिन्यापासूनच घड्याळं पाहू लागलो. लोकांना तो माझा छंद वाटला. तो छंद नव्हता. मला एकच घड्याळ हवं होतं, आणि ते ज्यानं नेलं त्याची मान माझ्या हातात हवी होती.

ते दिवस शोधाला सोयीचे होते. सेलवर चालणारी घड्याळं बाजारात आली होती आणि जो तो बापाचं जुनं चावीचं घड्याळ काढून टाकत होता. दुरुस्तीच्या दुकानांत डबेच्या डबे भरलेले असत. मी प्रत्येक चपटं सोनेरी घड्याळ हातात घेऊन आधी पालथं करायचो. अक्षर नसलं की मन खट्टू व्हायचं, मग ते सुलटं करून पाहायचो, आणि पाहता पाहता खाली ठेववत नसे.

खरं सांगायचं तर त्या घड्याळांनी मला शिकवलं. सदऱ्याच्या बाहीखाली अलगद सरकावं म्हणून कुणीतरी ते इतकं पातळ केलेलं असतं. तबकडीवर आकड्यांच्या जागी नुसत्या बारीक रेघा. तारीख नाही, अंधारात चमकणारे ठिपके नाहीत. पांढरी तबकडी वयानं सायीसारखी होते, तशी ती जास्तच शोभते. कानाशी धरलं तर आवाज इतका हलका, की श्वास धरावा लागतो. अशी काही घड्याळं मी ठेवून घेतली. मोठ्या घरच्या मनगटांवरच्या वस्तू माझ्या ट्रंकेत आहेत, या विचारानं मला बरं वाटायचं. ती भावना चांगली नव्हती असं कुणी म्हणेल. मला ती पुरली.

ते घड्याळ शेवटी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत्याच्या हातावर सापडलं. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी होता. मी पाहायला मागितलं, पालथं केलं, आणि ते अक्षर दिसलं. कुठून घेतलं असं विचारलं तर आडत्या मोकळेपणानं हसला. "घेतंय कोण, सर? जिंकलंय. दंगलीत मोंढा बंद होता, दिवसभर पत्ते चालायचे. तुमच्याच गावच्या मालकाचा थोरला. पैसे संपले तसं बापाचं घड्याळ काढून ठेवलं बहाद्दरानं."

मी ते मागितलं. त्याच्यासाठी घरात नवं सेलचं घड्याळ आलेलंच होतं, आडत्यानं किंमत फार ताणली नाही.

नामांतर झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात थोरल्याच्या मुलीचं लग्न निघालं. मला पत्रिका आली, कारण आता मी सर होतो आणि मांडवात पुढच्या खुर्च्यांवर बसवायला शिकलेली माणसं हवी असतात. थोरल्यानं स्वतः हात धरून मला बसवलं आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मामा हाताचा चलाख, भाचा डोक्याचा."

आमच्याकडे आहेर भोंग्यावर पुकारतात. माईकवरच्या माणसाला आपल्या आवाजाचा अभिमान असतो. चिठ्ठीत जे असेल ते तो खणखणीत वाचतो, अर्थाकडे त्याचं लक्ष नसतं. मी डबी आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. दोन स्टीलच्या घागरींनंतर भोंगा वाजला: "मालकांचं सोन्याचं घड्याळ, जे थोरल्या धन्यांनी दंगलीच्या साली पत्त्यात घालवलं, ते त्यांच्या सालगड्याच्या भाच्याकडून परत." आणि त्याच दमात पुढचं, "एक पितळी समई."

मांडवात कुजबुज झाली. थोरला माझ्याकडे यायला निघाला. पण त्याआधीच त्याची म्हातारी आई उठली होती. तिनं डबी उघडली, घड्याळ पालथं केलं, बोटानं अक्षर चाचपलं.

"पोरा, हे तू घालवलंस?"

थोरला म्हणाला, घरात मंगलकार्य आहे, आत चला.

म्हातारी हलली नाही. "मी देवापुढं नारळ फोडून तळतळाट दिला व्हता. ज्यानं नेलं त्याचं वाटोळं होऊ दे म्हणून. आता कुणाला लागायचा त्यो? बोल की."

मुलगी रडत होती. मी अक्षता टाकून निघालो, जेवलो नाही.

परभणीला आल्यावर मामांना पत्र लिहिलं, ते असं:

"तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. घड्याळ सापडलं आणि ज्याचं त्याला भर मांडवात दिलं. ते कुणी घालवलं हे साऱ्या गावानं भोंग्यावर ऐकलं. पोरीचं लग्न मी नासवलं असं लोक म्हणतील. म्हणू देत. पारावर तुमचा पटका सोडला तेव्हा कुणाला वाईट वाटलं नव्हतं. मी निघताना म्हाताऱ्या मालकीणबाईंनी तुम्हाला गावी बोलावून घ्यायचा निरोप दिला आहे. तुम्ही जाऊ नका. त्यांना पूर्णेला येऊ द्या, तुमच्या दारात उभं राहू द्या. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी उघडलं नसतं. तुमचा भाचा."