मावशीचं वर्तुळ

सकाळी दूध उतू जाऊ नये म्हणून मी गॅससमोर पहारा देत उभी होते. आतल्या खोलीतून आमच्या ह्यांची ‘दुसरा मोजा कुठाय’ अशी आकाशवाणी चालली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं माणूस आमच्या इमारतीत एकच येतं, कात्रीमावशी. मी वळले आणि दूध गेलंच.

“राहू दे, मी पुसते,” म्हणत ती आत आली आणि खरंच ओटा पुसायला लागली.

मावशी कपडे शिवते. कात्री हे नाव धंद्यावरून पडलं की जिभेवरून, यावर इमारतीत दोन तट आहेत. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मी तिला अहोजाहो करायचे. “पुन्हा अहो म्हणालीस तर बाह्या घट्ट शिवीन,” असा दम मिळाल्यापासून अगं म्हणते.

समोरच्या दारात राहणाऱ्या नर्सची ती आई. म्हणजे आई नव्हे, इथेच तर सगळी गोम आहे. नर्स तान्ही असताना तिची आई गेली. वडील ट्रकवर. ‘दोन दिवस बघा हिला’ म्हणून ते पोर शेजारच्या खोलीत मावशीकडे ठेवून गेले आणि ते दोन दिवस मुलीच्या लग्नापर्यंत पुरले. पोर चिंध्यांच्या ढिगात झोपायची. मशीनची खडखड थांबली की रडत उठायची, म्हणून मावशी रिकाम्या मशीनवरसुद्धा पाय मारत बसायची. स्वतःच्या लग्नाचं विचारलं तर म्हणते, “आला होता एकजण. माप घ्यायला नीट उभा राहीना.”

ओटा लख्ख झाल्यावर तिने पिशवीतून इवलासा पिवळा फ्रॉक काढला. रविवारी तिच्या नातीचा पहिला वाढदिवस होता, दोन्हीकडची मंडळी जमणार होती.

“हा नेऊन दे समोर. मी काही येणार नाही रविवारी.”

“का गं?”

“मी त्यांच्यात नाहीच मुळी. जावईबापूंनी काल त्यांच्या त्या घडीच्या टीव्हीवर दाखवलं.”

मी काही विचारणार तोच उघड्या दारातून जावईबापूच आले. काखेत लॅपटॉप, कडेवर नात, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात बायकोची. बायको सकाळच्या पाळीला गेली होती.

“काकू, मावशी ऐकूनच घेत नाहीत.”

“ऐकण्यासारखं काय ठेवलंत? पुसलंत मला,” मावशी म्हणाली. “खडूने लिहिलेलं तरी जरा मागे राहतं.”

जावई घरी बसून वेबसाइटी बनवतो. वाढदिवसासाठी त्याने जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत अख्ख्या गोतावळ्याचं जाळं केलं होतं. त्याने ते माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडलं. माणूस म्हणजे वर्तुळ, नातं म्हणजे रेघ. जितक्या रेघा जास्त तितकं वर्तुळ मोठं, त्यामुळे त्याचा थोरला काका भोपळ्याएवढा दिसत होता. एक वर्तुळ धरून ओढलं की बाकीची फरफटत मागे येत. खाली कोपऱ्यात एक मोहरीचा दाणा होता. ती मावशी.

वर तीन बटणं होती. पहिली दोन ‘आईकडचे’ आणि ‘बाबांकडचे’. त्याने ‘आईकडचे’ दाबलं. काका गेला, सगळं सासर गेलं आणि मोहरीचा दाणाही गेला.

“ही चाळणी आहे, काकू. प्रत्येक रेघेवर नात्याचा प्रकार लिहावा लागतो. रक्ताचं किंवा लग्नाचं असेल तरच खाली उतरतं. मावशींच्या रेघेवर काय लिहावं ते सुचेना, म्हणून मी रिकामं सोडलं.”

“आणि रिकामं चाळणीत अडकलं,” मी म्हटलं.

“तेवढ्यावर थांबले नाहीत ते,” मावशी म्हणाली. “ते तिसरं बटण दाखवा की.”

तिसऱ्या बटणावर ‘इतर’ असं लिहिलं होतं. त्याने कसनुसं तोंड करत ते दाबलं. सगळा पडदा पांढरा झाला आणि मधोमध एकटा तो दाणा राहिला.

“मावशी रुसल्या म्हणून काल घाईघाईत केलं,” तो पुटपुटला.

“मेळ्यात हरवलेलं पोर चौकीत बसवतात तशी बसवलीय,” मावशी म्हणाली. नात तेवढ्यात पडद्यावर चापट्या मारू लागली.

“अरे, नातं काय हे नाही सुचलं तर तिने काय केलं ते लिही ना,” मी म्हटलं.

मग त्या रेघेवर त्याने ‘वाढवलं’ असं लिहिलं आणि चाळणीला सांगितलं की रक्ताचं, लग्नाचं आणि वाढवलेलं, तिन्ही उतरू दे. घाईत कुठलीशी खूण उलटी पडली. ‘आईकडचे’ दाबताच मावशी तेवढी राहिली आणि सगळं घराणं गायब झालं.

“हे बरंय,” मावशी म्हणाली. “ठेवा असंच.”

त्याने खूण सरळ केली, ‘इतर’ काढून टाकलं आणि पुन्हा दाबलं. यावेळी दाणा कोपऱ्यातून सरकत आला आणि लेकीच्या वर्तुळाला चिकटून थांबला. मावशीने चष्मा लावला. स्वतःच्या बोटाने ‘बाबांकडचे’ दाबलं, तशी ती दिसेनाशी झाली. जावयाचा चेहरा उतरला.

“घाबरता कशाला? तिकडे माझं काय काम?” ती म्हणाली आणि परत ‘आईकडचे’ दाबलं. आली. पुन्हा घालवलं, पुन्हा आणलं. आमच्या ह्यांना मोजा मिळाला, ते ऑफिसला गेलेसुद्धा, तरी तिचं चाललंच होतं.

मग तिने फ्रॉक उचलून नातीच्या अंगाला लावून पाहिला आणि घडी करून आपल्याच पिशवीत ठेवला.

“हा रविवारी मीच घालीन हिला. जावईबापू, एकच काम करा. माझं वर्तुळ जरा मोठं करा. भोपळा नको. हिचं बोट नेमकं बसेल एवढंच.”