वरात निघायच्या आधीचं वाजवणं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कटकट नको: किसनरावांची कॅसेट मीच काढली आणि तिची वाटही मीच लावली. सेलूला माझं कॅसेटचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतो, कारण पोट कोणाला चुकलंय! पण त्या काळात कोणाचं गाणं चालेल आणि कोणाचं नाही, हे तालुका मला विचारायचा आणि मी बेधडक सांगायचो. असा मी शहाणा.

किसनराव हिंगणीचे. चार एकर शेती, घरात रुख्माबाई, आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरोनेट. बँडवाल्याला चारला बोलावतात आणि वरात निघते सातला. नवरदेवाचा फेटा बसत नसतो, मामाची चप्पल सापडत नसते, घोडीवाला चहाला गेलेला असतो. बाकीचे बँडवाले या वेळात तंबाखू मळतात. किसनराव मात्र भिंतीला टेकून आपल्यापुरतं वाजवत बसायचे. सिनेमाचं काही नाही, समोर जे दिसेल ते, नाहीतर आधीच्या लग्नांत पाहिलेलं आठवून. मी लग्नांत स्पीकर लावायला जायचो आणि माईक तपासताना टेपचं बटण दाबून ठेवायची मला खोड होती. तीन वर्षांत असं पुष्कळ जमलं. त्यातलं नऊ वेळचं वाजवणं निवडून दोन हजार दोन साली मी कॅसेट काढली. नाव दिलं ‘वरात निघायच्या आधी’. वर किसनरावांचा फोटो. त्यात ते घाबरलेले दिसतात, कारण फोटोवाल्याने हलू नका म्हणून दम भरला होता. रुख्माबाईंनी पहिल्या कॅसेटला हळदकुंकू वाहिलं.

त्याच आठवड्यात तळेगावहून एक माणूस दुकानात आला. मोठ्या घरचे मालक वारले होते, दुसऱ्या दिवशी तेरवी होती, आणि मांडवात लावायला काहीतरी साधं, बिनागाण्याचं पाहिजे होतं. भजनाच्या कॅसेटी माझ्याकडे संपल्या होत्या. मी म्हटलं, ही घेऊन जा, फुकट. चारशे पान उठणार, तेवढीच आपल्या कॅसेटची जाहिरात!

झाली हो जाहिरात! दिवसभर तीच वाजली. पुढच्या महिन्यात त्याच गावात दुसरी तेरवी झाली, तिथेही तीच. मग आर्वीला, मग सेलूला. “बिनागान्याची हाये, अशा वेळेले बरी वाटते,” लोक म्हणायचे. आपल्याकडे एकदा एखादी वस्तू तेरवीत शिरली की तिला बाहेर काढायची कोणाची छाती होत नाही. वर्षभरात अशी गत झाली की किसनरावांचं क्लॅरोनेट ऐकू आलं की लोक खांद्यावर दुपट्टा टाकून बाहेर यायचे, “कोन गेलं जी?” एकदा मी दुकानात सहज लावली, तर शेजारचा किराणावाला शटर अर्धं ओढून माझं सांत्वन करायला आला. माझे वडील आत बसून चहात टोस्ट बुडवत होते.

हसा, हसा. मीही हसायचो. मग एका लग्नात नवरदेवाच्या काकाने किसनरावांना ओळखलं आणि भर मांडवात ओरडला, “हा तेरवीवाला काऊन आनला?” बँडमालकाने त्यांना तिथूनच घरी पाठवलं आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. या सगळ्या बावीस वर्षांत किसनराव मला एका शब्दाने बोलले नाहीत. बाजाराच्या दिवशी दुकानात यायचे, पाणी प्यायचे, “बरं हाये ना प्रभाकरभाऊ?” म्हणायचे. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी मी जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवत होतो. ही लागली तसा सवयीने आवाज बारीक केला. तेवढ्यात माझी सून रुचिका लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती नागपूरची, तिला इथलं काही माहीत नाही.

“बाबा, कोण आहे हा? काय बदमाश माणूस आहे!”

“अगं, ही तेरवीची कॅसेट आहे.”

“काहीतरीच काय! ऐका ना, ही घोडी अडलीय. आणि हा मागून तिला कोणीतरी ढकलतोय.”

माझं डोकंच फिरलं. अर्धं आयुष्य मी कॅसेटी विकल्या आणि कालची पोर मला ऐकायला शिकवते! तिला खोटं पाडायचं म्हणूनच खुर्ची ओढून बसलो आणि नऊच्या नऊ ऐकली. आता काय सांगू तुम्हाला. घोडी खरंच अडली होती. तिसऱ्यात मामा नाचत होता. त्याला तालाचा गंध नाही, म्हणून क्लॅरोनेट बिचारं त्याच्यासाठी थांबून थांबून चालत होतं. सहाव्यात नवरी आईच्या गळ्यात पडते, तिथे मात्र काडीची चेष्टा नाही. सातव्यात रुसलेला जावई. अख्खं लग्न होतं त्या कॅसेटमध्ये, आणि आम्ही त्यावर बावीस वर्षं तेरवीची बुंदी वाढत होतो. मी ती काढली, वाटली, पण कान देऊन कधी ऐकलीच नव्हती. मला माझीच लाज वाटली.

तडक हिंगणी गाठली. किसनराव आता अठ्ठ्याहत्तरचे. मी सगळं कबूल केलं.

“लय उशीर केला भाऊ तुमी,” ते म्हणाले. मग मला जवळ बसवत, “नातीचं, मंजुषाचं साक्षगंध हाये पंदरा तारखेले. त्यात लावसान? माह्या तेरवीत तं तुमी लावसानच. त्याच्या आंधी एकडाव शुभकार्यात वाजू द्या. कोनीतरी हासलं पाह्यजे, बस.”

आतून रुख्माबाई कडाडल्या, “डोकं फिरलं काय तुमचं? पोरगी तळेगावच्या त्याच घरी देऊन राह्यलो ना आपन!”

तेच घर, जिथे कॅसेट पहिल्यांदा वाजली होती. नवरदेवाची आजी देवकाबाई, म्हणजे त्या वारलेल्या मालकांची बायको, अजून तिथे सगळ्यांना उठबस करायला लावते. कॅसेट ऐकून म्हातारी उठून गेली की साखरपुडा तिथेच मोडणार. लावली नाही, तर किसनरावांचं एवढंसं मागणंही मी पायाखाली घातलं असं होणार. मी म्हटलं, लावतो. पण चोरून नाही, सांगून लावतो.

पंधरा तारखेला दुपारी कुंकू लागलं, ओटी भरली, पाहुणे चिवड्याच्या बशा घेऊन बसले. मी माईक घेतला. म्हटलं, “मंडळी, ही कॅसेट लग्नाची आहे. तेरवीत माझ्या मूर्खपणाने गेली. किसनरावांचा यात काही दोष नाही.” आणि बटण दाबलं.

दोन सूर झाले नाहीत तो मांडव चिडीचूप. मागे एकाने टोपी काढून मांडीवर ठेवली. एक बाई कुजबुजली, “अवो माय, कोन गेलं वो?” घोडी अडली, कोणी हसेना. मामा नाचून नाचून थकला, कोणी हसेना. रुख्माबाईंची नजर बघून मला वाटलं, पहिली तेरवी माझीच. किसनराव खांबाला धरून खाली बघत उभे होते. मी घाबरून एकदम सातवं लावलं.

जावई रुसला, आणि देवकाबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे गदगदा हलायला लागले. त्यांचा मुलगा धावला, “आई, रडू नको! अहो, बंद करा ना ते!”

म्हातारीने पदर काढला. तोंडात एक दात नाही, डोळ्यांत पाणी, आणि हसू काही आवरत नव्हतं.

“बंद करू नोका. तुह्या बापाच्या तेरवीत मी हेच आयकून हासली होती रे! हरेक लग्नात ते असेच रुसत. पदर तोंडाले लावला, तं लोकाईले वाटलं रडून राह्यली. इतके वर्स झाले, कोनाले सांगता आलं नाई मले. माह्या मनानं घेतलं, माह्यातच काई खोट हाये.”

आधी नवरदेव खो खो हसत सुटला, त्याच्यामागे सगळे. किसनराव खांब सोडून हळूहळू पुढे आले आणि देवकाबाईंसमोर उकिडवे बसले. मला वाटलं, आता पाया पडतात.

“विहीनबाई,” त्यांनी विचारलं, “कोन्त्या जागी हासल्या तुमी?”

“तो ताटावरून उठते ना, अन् कोनी मनवाले येत नाई, म्हून आपलाच परत येऊन बसते. तिथं.”

किसनरावांनी बराच वेळ मान हलवली. डोळे पुसले.

“बरोबर हाये,” ते म्हणाले. “तिथंच हासाचं होतं.”