घरमालकिणीचं तोंडपाठ स्तोत्र

हायडेलबर्गला पीएचडी करत होते तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीत जमैकाचा एक मुलगा राहायचा. माझ्याच इन्स्टिट्यूटमधला. कमरेपर्यंत जटा, आणि सीडी प्लेअरवर सतत त्यांच्याकडचं रेगे संगीत. समुद्रकिनारा, गांजा आणि मजा, एवढंच या गाण्यांत असणार, असं मी धरून चालले होते. एकदा चहाला गेले तर तो मांडीवर बायबल घेऊन बसलेला! रास्ताफारी, म्हणजे त्याच्या पंथाचा माणूस, रोज एक अध्याय वाचतो, म्हणाला. गाण्यात ओळ आली की बोटाने पुस्तकातली ओळ दाखवायचा. बॅबिलोन म्हणजे गुलामीचा मुलूख, झायन म्हणजे सुटकेची भूमी, राजांचा राजा, सगळं त्यात होतं. मी चाटच पडले.

खाली घरमालकीण राहायची. पाद्र्याची विधवा, रविवारचं चर्च कधी न चुकवणारी. तिने त्याला बजावलं होतं, हा गोंगाट थांबला नाही तर कुंडिगुंग, म्हणजे खोली सोडण्याची नोटीस. बिचाऱ्याचं थीसिसचं शेवटचं वर्ष. त्यात त्या जटा बघून दुसरी खोली कोण देणार? तो आवाज अगदी कमी करून ऐकायला लागला, तरी तिची कुरकुर चालूच.

"अरे वेड्या, हे तिच्याच बायबलातलं आहे, सांग ना तिला!" मी म्हटलं. मी नागपूरची. आमच्याकडे एकदा का देवाचं गाणं आहे म्हटलं की मांडवातला भोंगा कितीही कोकलो, तक्रार करायची कुणाची टाप नसते. आम्ही बौद्ध, देवाबिवाच्या भानगडीत नसलेले, पण एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या वेळी ती तणतणत वर आली तेव्हा मीच पुढे झाले. "आल्झो, हे बघा, फक्त एक गाणं ऐका." त्याने सीडी लावली. परमुलखात पकडून नेलेले लोक नदीकाठी बसून रडतात, ते स्तोत्र. तिच्या कपाळावरची आठी गेली. ओठ हलू लागले. गाणं संपलं तरी ती थांबेना. डोळे मिटून, जर्मनमध्ये, स्तोत्र शेवटपर्यंत म्हणत राहिली. मी त्याच्याकडे बघून हसले. जिंकलो!

तिने डोळे उघडले. "हे शब्द आमचे आहेत," ती त्याला म्हणाली. "तुमच्या तोंडी शोभत नाहीत. महिनाअखेर खोली रिकामी करा."

हे वाक्य मी ओळखत होते. वडिलांनी शाळेत संस्कृत श्लोक म्हटला तेव्हा गुरुजींनी त्यांना हेच सुनावलं होतं. आणि सातासमुद्रापलीकडे, इतक्या सभ्य जर्मनमध्ये, पुन्हा तेच! घरदार सुटलेल्या माणसांचं रडणं आत्ता डोळे मिटून म्हणणारी बाई समोरच्या परदेशी पोराला बाहेर काढत होती, आणि तिला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं.

ती खाली गेली आणि तो सीड्या आवरू लागला.

"आम्ही ती पोथ्यापुराणं सोडून मोकळे झालो," मी भडकून म्हटलं. "ज्यांनी तुम्हाला गुलाम केलं त्यांचं पुस्तक तू कशाला कवटाळून बसतोस? फेक ते!"

"मालकाचं ऐका, एवढंच त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं होतं," तो म्हणाला. "उरलेलं आम्ही स्वतः वाचलं. त्यात गुलाम सुटतात."

मग त्याने बायबल बॅगेत सगळ्यात वर ठेवलं.

"घर तिचं आहे, म्हणून घर सोडतो. पुस्तक तिचं कधी होतं?"